बारा खुर्च्या, एक सासू आणि गैदाईचा कीसा

खिडकीतली:

सासू मरणाच्या दारात. जावयाला जवळ बोलावते आणि सांगते, क्रांतीच्या धामधुमीत झडतीला घाबरून मी माझे हिरे आपल्या बारा खुर्च्यांपैकी एकीच्या गादीत शिवून टाकले होते. जावई उडतोच. हिरे गेले याचं दुःख नंतर, आधी राग याचा की बाई इतकी वर्षं गप्प का बसली! खुर्च्या तर केव्हाच सरकारजमा झालेल्या. त्यात भर म्हणजे मरणाआधी सासूने पाद्रीबुवांपाशीही मन मोकळं केलेलं असतं. पाद्रीबुवा दाढी कापतात, बायकोचा निरोप घेतात आणि जावयाच्या आधी गावाबाहेर पडतात.

शनिवारी पावसामुळे घरात अडकले होते, म्हणून मॉस्कोच्या मॉसफिल्म स्टुडिओच्या यूट्यूब वाहिनीवर हा सिनेमा लावला. 'बारा खुर्च्या', १९७१, दिग्दर्शक लिओनिद गैदाई. दोन भाग मिळून दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास. इंग्रजी सबटायटल्स आहेत. मूळ कादंबरी इल्या इल्फ आणि येवगेनी पेत्रोव या ओडेसाच्या जोडगोळीची, १९२८ सालची. (पुढे रहस्यभेद आहे. ज्यांना कोरं बघायचंय त्यांनी इथूनच परत फिरा.)

जावयाचं नाव इप्पोलित मात्वेयेविच वोरोब्यानिनोव. एकेकाळचा सरदार-जमीनदारांचा पुढारी, आता १९२७ साली एका आडगावी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीच्या कचेरीत कारकून. त्याला वाटेत भेटतो ओस्ताप बेंडर. खिशात दमडी नाही, पायात मोजे नाहीत, पण ऐट अशी की समोरच्याने उठून खुर्ची द्यावी. हा ओस्ताप या माजी सरदाराचं नाव 'कीसा' ठेवतो. म्हणजे आपल्याकडे एखाद्या साठीच्या देशमुखाला भर चौकात 'मनीमाऊ' म्हणून हाक मारावी तसं.

पुढे खुर्च्यांमागची पळापळ. एक विधवेकडे, दहा मॉस्कोत लिलावाला, तिथून फुटून कुठे नाटक कंपनीत, कुठे वर्तमानपत्राच्या कचेरीत, कुठे एका नटव्या बाईच्या घरी. गैदाई मूकपटांच्या वळणाचा दिग्दर्शक. माणसं पळतात तेव्हा फिल्मही पळते. कीसा आणि पाद्री एकाच खुर्चीला दोन बाजूंनी झोंबतात तो प्रसंग बघताना मी चहा सांडला.

पण मला लिहायचंय ते लिलावाबद्दल. दहा खुर्च्या एकगठ्ठा विकायला येतात. ओस्ताप मागे रेलून बोली वाढवतोय. एक वार, दोन वार, तीन वार... दोनशे रुबलला खुर्च्या यांच्या! आणि मग काउंटरवरची बाई सांगते की वर पंधरा टक्के अडत, म्हणजे तीस रुबल आणखी. ओस्ताप कीसाकडे वळतो. पैसे कीसाजवळ असतात ना. आणि कीसा आदल्या रात्री एका तरुण मुलीला हॉटेलात घेऊन गेलेला असतो.

सेर्गेई फिलिप्पोव या नटाचा त्या क्षणीचा चेहरा बघा. लांबुडका, हाडं वर आलेला, चष्म्यामागचे डोळे भलतीकडेच लागलेले. तो रडत नाही, सबब सांगत नाही. शाळेत पकडलेल्या पोरासारखा नुसता उभा राहतो. तोवर मी फिदीफिदी हसत होते, तिथे हसू घशात अडकलं. आणि पुढे हाच माणूस ओस्तापचा गळा कापायला हातात वस्तरा घेणार आहे, हे तिथूनच कळायला लागतं. गैदाईने विनोदी सिनेमा करताना तो वस्तरा काढून टाकला नाही, म्हणून मला हा सिनेमा बाकी गुप्तधनाच्या सिनेमांपेक्षा मोठा वाटला.

कुणी पाहिलाय का?

निवांत:

वाखूसा (वाचनखूण साठवली). पण मी जो पाहिलाय त्यात तर शेवटी दोघं मित्र होतात आणि रस्त्यात भीक मागतात. वस्तराबिस्तरा काही नव्हता. मी वेगळाच सिनेमा पाहिला की मध्येच झोपलो?

खिडकीतली:

निवांत, तो मेल ब्रुक्सचा. १९७०चा, म्हणजे गैदाईच्या एकच वर्ष आधीचा. रशियात जाणं शक्य नव्हतं म्हणून युगोस्लाव्हियात चित्रित केलेला. रॉन मूडी कीसा, फ्रँक लँजेला ओस्ताप, डॉम डेलुईस पाद्री. तुम्ही झोपला नव्हतात, त्यांनी शेवट खरंच गोड केलाय.

माजी_मॉस्कोकर:

वा, कुठली आठवण काढलीत!

मी ऐंशीच्या दशकात इंजिनीअरिंगसाठी तिकडे होतो. वसतिगृहाच्या टीव्हीवर हे लागलं की कॉरिडॉर ओस पडायचा. सिनेमा समजायच्या आधी त्यातली वाक्यं आमच्या कानांवर पडली. खोलीतल्या मित्राकडे तीन रुबल उसने मागितले की तो म्हणणार, "आणि ज्या घरात पैसे ठेवलेत त्या घराची किल्लीपण देऊ का?" बाजारात भाजीवालीशी घासाघीस करायला लागलो की मागचा कुणीतरी कीसाच्या आवाजात, "इथे घासाघीस शोभत नाही." आणि व्यवहार ठरवताना, "सकाळी पैसे, संध्याकाळी खुर्च्या." मला बरेच दिवस या म्हणीच वाटायच्या. एका म्हाताऱ्या शिक्षिकेने कादंबरी हातात ठेवली तेव्हा उलगडा झाला.

आता भांडण. तुमच्या गैदाईचा ओस्ताप अर्चिल गोमियाश्विली. माणूस देखणा, रुबाबदार, तिबिलिसीच्या रंगभूमीवरचा. पण सिनेमात त्याचा आवाज त्याचा नाहीच, तो यूरी सारांत्सेव या दुसऱ्या नटाचा. शिवाय कादंबरीतला ओस्ताप तिशीच्या आतला, आणि हा पंचेचाळिशीचा. माझ्या मते खरा ओस्ताप आंद्रेई मिरोनोव, मार्क झाखारोवच्या १९७६च्या चार भागांच्या टीव्ही मालिकेतला. त्यात कीसा अनातोली पापानोव. गाणी आहेत, नाच आहेत, आणि मिरोनोव असा चालतो की त्याच्या चालीलाच तिकीट लावावं.

गंमत म्हणजे मिरोनोव-पापानोव ही जोडी त्याआधी गैदाईनेही पडद्यावर आणली होती! त्याच्या 'हिऱ्यांचा हात'मध्ये दोघे तस्कर होते. तिथेही दडवलेले दागिनेच, फक्त खुर्चीऐवजी एका भोळ्या माणसाच्या हाताच्या प्लॅस्टरमध्ये. तो सिनेमा ७ कोटी ६७ लाख प्रेक्षकांनी पाहिला. 'बारा खुर्च्या'ला ३ कोटी ९३ लाख.

खिडकीतली:

मॉस्कोकर काका, मिरोनोव गोड आहे यावर वादच नाही. पण पापानोवचा कीसा गोष्टीत नंतर जे करतो ते त्याने केलं असं मला पटतच नाही. तो पहिल्यापासून चिडका आजोबा वाटतो. फिलिप्पोव पहिल्यापासून घाबरलेला वाटतो. घाबरलेला माणूस जास्त भयंकर.

माजी_मॉस्कोकर:

हे मात्र मान्य. फिलिप्पोवबद्दल सांगायचं तर चित्रीकरणाच्या वेळी तो खरोखर आजारी होता. डोकं भयंकर दुखायचं, मेंदूत गाठ निघाली, नंतर शस्त्रक्रिया झाली. ते भलतीकडे लागलेले डोळे सगळेच अभिनयाचे नसावेत.

घोडा_अडीच:

बुद्धिबळाबद्दल कुणीच बोलेना म्हणून आलो.

वोल्गाकाठच्या वास्युकी नावाच्या गावात ओस्ताप ग्रँडमास्टर म्हणून उतरतो आणि एकाच वेळी सगळ्या गावाशी खेळायला बसतो. आयुष्यात दुसऱ्यांदा बुद्धिबळ खेळत असतो! त्यामुळे प्रत्येक पटावर एकच चाल, राजासमोरचं प्यादं दोन घरं. सगळीकडे हरायला लागल्यावर एका पटावरच्या सोंगट्या उधळून धूम ठोकतो. त्याआधी त्याने गावकऱ्यांना थाप मारलेली असते की इथे जगाची बुद्धिबळ राजधानी होईल, मॉस्कोचं महत्त्व संपेल वगैरे.

आता ऐका. रशियातल्या काल्मिकिया प्रजासत्ताकाच्या एलिस्ता शहरात किरसान इल्युमझिनोवने १९९८च्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडसाठी अख्खी वसाहत बांधली. हा माणूस तेव्हा एकाच वेळी काल्मिकियाचा राष्ट्राध्यक्ष आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेचाही अध्यक्ष होता. आणि त्या वसाहतीत पुतळा कुणाचा? ओस्ताप बेंडरचा! थापाड्याची थाप सरकारी खर्चाने खरी करून वर त्याचाच पुतळा. २००६ची जगज्जेतेपदाची क्रामनिक-तोपालोव लढत तिथेच झाली, ज्यात पटावरच्या चालींपेक्षा क्रामनिक संडासात किती वेळा गेला यावरच जास्त भांडणं झाली. इल्फ-पेत्रोवना सुद्धा हे सुचलं नसतं.

तिरपा_डोळा:

छान धागा. माझं थोडं लांबण लावतो, सवयच आहे.

या एका गोष्टीवर किती देशांनी सिनेमे काढलेत हे बघताना मला एक विचित्र गोष्ट दिसली. न्हावी.

१९३३ साली पोलंड-चेकोस्लोव्हाकियाने मिळून पहिला सिनेमा काढला, त्यात व्लास्ता बुरियान न्हावी. १९३८चा जर्मन भाषेतला 'तेरा खुर्च्या', त्यात हाइन्झ र्‍यूमान न्हावी. १९६९चा इटालियन-फ्रेंच, त्यात विटोरियो गासमान न्हावी. मूळ कादंबरीत नायक न्हावी नाही, नोंदणी कचेरीतला कारकून आहे. बहुधा पहिल्या सिनेमाने न्हावी केला आणि पुढच्यांनी कादंबरी न वाचता सिनेमावरून सिनेमा उचलला. (कादंबरीत केसांचा संबंध एवढाच की कीसा वेष बदलायला केस-मिशा काळ्या करायला जातो आणि त्या हिरव्या होतात. मग ओस्ताप त्याची हजामत करतो.)

पण न्हाव्यापेक्षा महत्त्वाचा बदल दुसराच आहे. सोव्हिएत गोष्टीत खुर्च्या सरकार उचलून नेतं. आता व्हिएन्नात किंवा लंडनमध्ये क्रांती कुठून आणणार? म्हणून र्‍यूमान आणि गासमान या दोघांना वारशात खुर्च्या मिळतात. 'हे काय भंगार' म्हणून ते स्वतःच त्या फुंकून टाकतात, आणि मग चिठ्ठी सापडते. म्हणजे दोष इतिहासाकडून उचलून माणसाच्या बावळटपणावर आणला. तिथेच गोष्ट हलकी होते. स्वतःच्या हाताने विकलेल्या खुर्चीमागे धावणारा माणूस गंमतशीर असतो. जप्त झालेल्या खुर्चीमागे धावणाऱ्याला वाटतं की हे माझंच होतं, आणि मग तो कुणाचाही गळा कापू शकतो.

ही गोष्ट जप्तीसकट उचलणारा देश म्हणजे क्युबा. तोमास गुतिएरेस आलेया, १९६२. तिथे नुकतीच खरी क्रांती झाली होती, त्यामुळे काही बदलावंच लागलं नाही.

१९३८च्या सिनेमाची आणखी एक गोष्ट. ऑस्ट्रिया जर्मनीने गिळला ते वर्ष. श्रेयनामावलीत इल्फ-पेत्रोवचं नाव नाही. इल्फ ज्यू, दोघेही सोव्हिएत, कोण लिहिणार? बिचारा इल्फ आदल्याच वर्षी क्षयाने गेलेला.

आणि १९६९चा तो अभिनेत्री शॅरन टेटचा शेवटचा सिनेमा. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तिचा खून झाला, सिनेमा त्यानंतर आला. मी तो पाहायला बसलो होतो, पण हसायला येईना. अर्ध्यात बंद केला.

निवांत:

तिरपा_डोळा, दंडवत. इंग्रजांनी नाही काढला का?

तिरपा_डोळा:

काढला की. १९३६, जॉर्ज फॉर्म्बी, खुर्च्या बारावरून सातवर आणल्या. काटकसर! त्यातलं खिडक्या पुसण्याचं गाणं सिनेमापेक्षा जास्त जगलं.

कोकणी_फणस:

मी जरा उलटं बोलणार आहे, काटे टोचले तर सांभाळून घ्या.

पहिला भाग मला आवडला. दुसऱ्यात मी तीनदा घड्याळ बघितलं. फिल्म पळवून हसवणं पहिल्या दहा वेळा चालतं, पुढे कंटाळा येतो. आणि कादंबरीची अर्धी मजा तिच्या निवेदनात आहे, ती पडद्यावर येतच नाही. रोस्तिस्लाव प्ल्यात्तचा निवेदकाचा आवाज आहे, पण तो तोंडी लावण्यापुरता.

दुसरं म्हणजे बायका. लठ्ठ विधवा हसायला, बडबडी नटवी हसायला. मादाम ग्रित्सात्सुयेवाशी ओस्ताप एका खुर्चीसाठी लग्न करतो आणि पहिल्याच रात्री खुर्ची घेऊन पसार होतो, यात मी हसायचं कुणाला? तिच्याकडे तर दुसरं काहीच नाही. जाताना तिची चहाची गाळणीपण चोरतो मेला.

खिडकीतली:

फणसराव, काटे मान्य. पण त्या गाळणीकडे परत एकदा बघा ना. ती पुढे एलोच्काकडे जाते. एलोच्का म्हणजे ती नटवी, जिचं सगळं आयुष्य तीस शब्दांत भागतं. ओस्ताप तिला सांगतो की युरोपात सध्या याचीच फॅशन आहे, आणि गाळणीच्या बदल्यात खुर्ची उचलतो. विधवेची गाळणी देऊन फॅशनवालीची खुर्ची! या सिनेमात हिरे कुणालाच मिळत नाहीत, हातोहात फिरते ती दीड दमडीची गाळणी. माझं तर असं मत झालंय की सिनेमातली सगळ्यात उपयोगी वस्तू तीच.

आणि ग्रित्सात्सुयेवाचं काम करणारी नताल्या क्राचकोवस्काया. तिचा नवरा याच सिनेमाचा ध्वनिमुद्रक होता. गैदाईने तिला पाहिलं आणि ही भूमिका तिची झाली. नंतर ती त्याच्या सिनेमांतली हक्काची नटी झाली. लंगड्या विनोदाची भूमिका होती हे खरं, पण ओस्ताप गेल्यावर ती ज्या जीव तोडून त्याला शोधते, त्यात मला कीसापेक्षा जास्त खरं प्रेम दिसलं.

माजी_मॉस्कोकर:

पाद्री फ्योदोरला विसरू नका हो. मिखाईल पुगोवकिनने काय केलंय ते! बिचारा चुकीच्या बारा खुर्च्यांच्या मागे. त्या खुर्च्या बातुमीत एका इंजिनीअरकडे. बायकोला 'मुसिक' म्हणून हाक मारणारा, जेवणातल्या हंसाची वाट बघणारा इंजिनीअर. (ती मुसिक म्हणजे नीना ग्रेबेश्कोवा, गैदाईची बायको.) फ्योदोर त्याच्यापुढे गुडघे टेकतो आणि गयावया करतो की हाव म्हणून नव्हे हो, बायकोने पाठवलंय म्हणून आलोय. घरदार विकून खुर्च्या घेतो आणि समुद्रकाठी कुऱ्हाडीने एकेक फोडत जातो. शेवटी दर्यालच्या खिंडीत एका उंच सुळक्यावर चढून बसतो, उतरता येत नाही.

आणि प्यातिगोर्स्कचा 'प्रोवाल'. खरीखुरी जागा आहे, डोंगरातली गुहा आणि आत तळं. बघायला पैसे लागत नाहीत, म्हणून ओस्ताप दारात उभा राहून तिकिटं विकतो. कशासाठी? तर तळं आणखी खचू नये म्हणून दुरुस्तीला! आज तिथे त्याचा पुतळा आहे, तिकिटं घेऊन उभा. त्याच गावात कीसाचाही आहे, टोपी पुढे केलेला. तिथेच तो मोडक्या फ्रेंचमध्ये, 'साहेब, सहा दिवस पोटात काही नाही' म्हणून भीक मागतो ना.

घोडा_अडीच:

फ्रेंचमध्ये भीक! जमीनदारीतलं शिल्लक राहिलेलं एवढंच.

आजोळ:

इतके दिवस नुसती वाचत होते, आज राहवलं नाही.

आमच्या आजीने चार पाटल्या आणि एक बोरमाळ गादीत शिवून ठेवली होती. आजोबांना सांगितलं असतं तर बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी त्या पहिल्या विकल्या असत्या, म्हणून कुणालाच सांगितलं नाही. मग आजी आजारी पडून महिनाभर बहिणीकडे राहिली आणि इकडे काकूने, सासूबाई बऱ्या होऊन येतायत तर गादी मऊ करून ठेवू म्हणून, पिंजाऱ्याला बोलावलं. अंगणात त्याने गादी उसवली, धनुकलीने कापूस उडवायला लागला, आणि त्यातून पाटली टण्णकन फरशीवर आली. काकू सांगते, आम्ही सगळे पाटलीकडे बघायच्या ऐवजी पिंजाऱ्याकडेच बघत राहिलो आणि तो आमच्याकडे.

चारही पाटल्या त्याने काढून दिल्या. बोरमाळ तुटली होती, तिचे मणी दुपारभर कापसातून वेचले. आजी आल्यावर तिने पहिल्यांदा मणी मोजले. एक कमी. ती शेवटपर्यंत म्हणायची पिंजाऱ्याने ठेवला, काकू म्हणायची मुळातच तेवढे होते. कीसा आणि पाद्री खुर्ची ओढतात ते बघताना मला त्या दोघीच दिसत होत्या.

खिडकीतली:

आजोळ, हा वेगळा धागा काढा ना. हहपुवा (हसून हसून पुरेवाट) आणि पोटात कालवलंसुद्धा.

तिरपा_डोळा:

आजीच्या गोष्टीवरून आठवलं. कादंबरीत विधवेची खुर्ची फोडल्यावर आत काय निघतं? एक पट्टी. त्यावर कोरलंय की कारागीर गाम्ब्स या खुर्चीने फर्निचरचा नवा संच सुरू करत आहे. हिऱ्यांऐवजी बनवणाऱ्याची पाटी! गाम्ब्स हे पीटर्सबर्गच्या खऱ्या फर्निचरवाल्याचं नाव.

निवांत:

मला एक सांगा, ही कल्पना त्या दोघांना सुचली कुठून?

माजी_मॉस्कोकर:

दोघेही मॉस्कोत 'गुदोक' या रेल्वे कामगारांच्या वर्तमानपत्रात होते. पेत्रोवचा थोरला भाऊ वालेंतिन कातायेव तोवर नावाजलेला लेखक. खुर्च्यांची कल्पना त्याची. लिहून काढा, मी नंतर हात फिरवतो म्हणाला. सुरुवातीची पानं वाचल्यावर म्हणाला, मला हात फिरवायचं काही कारण दिसत नाही, तुमचं तुम्ही लिहा. मोबदला म्हणून दोन अटी घातल्या. कादंबरी त्याला अर्पण करायची आणि मानधन आलं की सोन्याची सिगारेट केस घ्यायची. दोघांनी केस दिली, पण बायकांची, लहानशी!

आणि ओस्तापला मारायचं की जगवायचं यावर दोघांचं एकमत होईना. चिठ्ठ्या टाकल्या, एकीवर कवटी. कवटी निघाली. नंतर पस्तावले असावेत, कारण पुढच्या कादंबरीत गळ्यावर व्रण घेऊन तो पुन्हा हजर! १९४८ नंतर दोन्ही कादंबऱ्यांवर सरकारची खप्पा मर्जी झाली, १९५६मध्ये पुन्हा छापल्या गेल्या.

कोकणी_फणस:

चिठ्ठी टाकून खून. मग लिलावातल्या चेहऱ्यावरून वस्तऱ्यापर्यंतची जी सरळ रेघ वर काढली आहे तिचं काय करायचं, खिडकीतली?

खिडकीतली:

चिठ्ठी लेखकांनी टाकली, फिलिप्पोवने नाही. त्याला शेवट माहीत होता आणि तो पहिल्या दृश्यापासून तिकडेच चालला होता. माझी रेघ सिनेमाची आहे. कादंबरीबद्दल तुमचं म्हणणं बरोबर असेल.

निवांत:

काल रात्री दोन्ही भाग संपवले. लिलावाच्या प्रसंगाला बायको उठून आत गेली, "मला नाही बघवत" म्हणाली. कुणी मेलं नव्हतं, कुणी मारलं नव्हतं, नुसते तीस रुबल कमी पडले होते. शेवटी क्लबचा राखणदार दाखवतो की खुर्चीतल्या हिऱ्यांच्या पैशातून हा सगळा क्लब बांधला, नवे दिवे, नव्या खोल्या-दालनं, तेव्हा ती परत आली आणि म्हणाली, "चांगलं झालं की मग." कीसाच्या किंकाळीकडे तिचं लक्षच नव्हतं.

मॉस्कोकर काका, तुमच्या त्या मिरोनोववाल्या मालिकेचा दुवा टाका ना आज.

माजी_मॉस्कोकर:

संध्याकाळी टाकतो. सकाळी पैसे.